एसी सोळावरच

हेमकांतभाऊंचं टेबल पश्चिमेच्या भिंतीला होतं. मार्च लागला की ती भिंत तव्यासारखी तापायची, म्हणून पतसंस्थेत एसी बसला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद त्यांना झाला. हेडक्लार्क या नात्यानं रिमोटही त्यांच्याच टेबलावर आला. कुणाला गारठा नको, कुणाला उकाडा नको, असा विचार करून त्यांनी आकडा सव्वीसवर ठेवला.

जेवणाच्या सुट्टीनंतर पाहावं तर सोळा. त्यांनी पुन्हा सव्वीस करावं, पाणी पिऊन यावं, तर पुन्हा सोळा. त्यातच कचेरीत शिंका सुरू झाल्या. आधी कॅशियर कय्युम, मग क्लार्क जागृती, मग रांगेतले खातेदार. एसीच्या थंडीनं सर्दी झाली यावर सर्वांचं एकमत झालं, आणि सोळा हेमकांतभाऊच करतात यावरही. भिंत त्यांचीच तापते ना! शिपाई निर्मलाबाई तर बिचाऱ्या शाल गुंडाळून बसायच्या. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे पापच.

बोंब चेअरमनसाहेबांपर्यंत गेली. ते आले, बसण्याआधीच शिंकले आणि म्हणाले की, तुम्हाला एसी सोसत नसेल तर माझ्या केबिनमध्ये बसवू, मला सोसतो. हेमकांतभाऊंना समोर मे महिना दिसू लागला.

"यंत्रमाच काही बिघाड व्हई, साहेब," म्हणत ते साहेबांना मागच्या ओट्यावर घेऊन गेले. एसीचा बाहेरचा पंखा तिथं होता.

पंख्यासमोर चादरीवर लालभडक मिरच्या पसरल्या होत्या. गरम हवा त्यांच्यावरून वाहत तुटक्या झरोक्यातून थेट कचेरीत शिरत होती. मागोमाग शाल सावरत निर्मलाबाई आल्या.

"अवकाळीमा भिजन्यात," त्या शांतपणे म्हणाल्या. "सव्वीसवर पंखा घडीघडी बंद पडस. सोळावर दिनभर चालस."

हेमकांतभाऊंना एकदम हलकं वाटलं. चोर सापडला होता, तोही साहेबांच्या देखत.

"ताई, घरन्या मिरच्या कचेरीमा वाळाडतस का?"

"मन्ह्या कोठे, भाऊ? वहिनीसाहेबन्या. साहेबना घरनी वरीसभरनी चटनी."

साहेबांनी वाकून एक मिरची उचलली आणि देठापाशी दाबून पाहिली.

"आजून दमट शे," ते म्हणाले.

आत येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं सोळा केलं, एसी इथंच राहील असं जाहीर केलं आणि रिमोट निर्मलाबाईंच्या हवाली केला. हेमकांतभाऊंनी उभं राहून साहेबांचे आभार मानले. मग रुमाल काढून शिंकले.