स्वयंपाकिणीचं मौन

"शेवटी त्या स्वयंपाकिणीनं मालकाला काय झाडलंय हो! जीव थंड झाला माझा," चहाचा कप ठेवत बायको म्हणाली.

प्राध्यापकांनी उचललेला कप परत खाली ठेवला. "कुठली स्वयंपाकीण?"

"तुमच्या त्या अमेरिकन कादंबरीतली. सव्वीस वर्षं शिकवताय ना?"

शिकवत होते, आणि कसे! ती बाई कादंबरीभर चकार शब्द काढत नाही, यावर तर त्यांचा गाजलेला लेख होता. जुनी अमेरिकन पुस्तकं नव्या नजरेनं तपासायचा वेगळा विषय त्यांनी यंदा भांडून मिळवला होता, आणि आज त्याचा पहिला तास. विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "पोरं टिकली नाहीत, तर विषय बंद."

दोन्ही प्रती शेजारी ठेवल्या. बायकोची वाचनालयातली नवी प्रत तीनशे अठ्ठेचाळीस पानांची. यांची जुन्या बाजारातली, तीनशे बाराव्या पानावर खलास! बाइंडरनं शेवटची पानं गिळून पुठ्ठा असा झकास चिकटवला होता की शंकाच येऊ नये. आणि त्या छत्तीस पानांत ती बाई श्वास घ्यायलाही थांबत नव्हती.

"गप्प बसा. झाकली मूठ सव्वा लाखाची," बायकोनं सल्ला दिला.

"अगं, सगळ्यांना नवी प्रत घ्यायला मीच लावलंय!"

वर्गात चाळीस पोरं, चाळीस नव्या प्रती, शेवटच्या बाकावर विभागप्रमुख. प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण माणूस मुळात सरळ.

"मुलांनो, ही बाई बोलते. माझ्या प्रतीत ती पानंच नव्हती. पण मला कधी संशयही आला नाही. तिनं गप्प असणं माझ्या लेखाला सोयीचं होतं ना!"

पहिल्या बाकावरची मुलगी चाचरत उठली. "सर, आम्हालाही ठाऊक नव्हतं. आम्ही तुमच्या जुन्या नोट्सच वाचल्यात."

"सगळ्यांनी?"

चाळीस माना खाली गेल्या. विभागप्रमुख, म्हणजे सरांचेच जुने विद्यार्थी, खाकरले. "सर, मीसुद्धा."

म्हणजे कादंबरी पुरती वाचलेलं माणूस एकच, आणि ते घरी भांडी आवरत होतं! प्राध्यापकांनी तिथूनच फोन लावला.

अर्ध्या तासात बायको वर्गात हजर. खुर्चीत बसली, पुस्तक उघडलं आणि स्वयंपाकिणीचं बोलणं वाचू लागली. पोरं हसत होती, मध्येच गंभीर होत होती. घंटा झाली, एकही हललं नाही. विभागप्रमुखांनी मोबाइल बंद करून ठेवला.

प्राध्यापकांना राहवेना. बोट वर करून ते म्हणाले, "इथं मला वाटतं—"

"थांबा हो जरा," बायको म्हणाली, "तिचं बोलून होऊ दे." आणि तिनं पान उलटलं.