या, इनासकाका मरतायत!

आमच्या शेजारचे इनासकाका आजवर किती वेळा मेले, ते मोजणं मी केव्हाच सोडून दिलंय. कुंपणापलीकडून हाक येते, "अगं सुनीता, लवकर ये, मी मरतोय!" की हातातला कालथा टाकून धावायचं. नाही गेलं तर चार दिवस अबोला.

मरतात ते टीव्हीवर. काही वर्षांपूर्वी एका चॅनलसाठी राखीव सैनिकांवर युद्धपट निघाला. एरवी मास्तरकी करणारे, गाड्या दुरुस्त करणारे साधे लोक, वरून हुकूम आला की गणवेश चढवून परदेशी रवाना. ते परदेशातलं वाळवंट म्हणजे आमच्या गावामागचं सुकलेलं मिठागर आणि ते सैनिक म्हणजे आमच्या चर्चची माणसं. काकांच्या वाट्याला मरण आलं. मरताना पडद्यावर दिसतो फक्त डावा कान आणि अर्धा बूट. "कान बघ, कान! किती मेलेला वाटतोय!" असं म्हणत ते स्वतःचा कान धरून दाखवतात.

तेव्हापासून केळीची बाग सांभाळणारा हा माणूस स्वतःला राखीव समजतो. मयतीला खांदेकऱ्यांच्या मागे ताठ उभे. "आपण राखीव! बोलावलं की हजर." बोलावतं कोण? गावच्या क्रिकेट सामन्यात दिवसभर पॅड बांधून बसले. शेवटी कुणीतरी पाणी आणायला पिटाळलं, तर पॅडसकट गेले.

शूटिंगची खरी गंमत तर पुढेच आहे. लढाई ऐन रंगात आलेली, वीसेक मुडदे पडलेले, आणि चर्चची बाराची घंटा झाली. झालं! घंटा झाल्यावर आमच्यातला कोण लोळत पडेल? सगळे मुडदे उठले, क्रूसाची खूण केली आणि हात जोडून प्रार्थनेला लागले. शत्रूसुद्धा! दिग्दर्शक बोंबलायला लागला, तर काकांनी त्यालाच दटावलं, "जरा गप! मरण दोन मिनिटांनी."

गेल्या मंगळवारी मात्र काका तोंड पाडून दारात उभे. केबलवाला जुना सेट-टॉप बॉक्स बदलायला साडेबाराला येणार होता आणि बॉक्सबरोबर त्यातलं रेकॉर्डिंगही जाणार होतं. हा पिक्चर आता कुठेच लागत नाही.

"पोरी, तुझ्या मोबाइलवर घे ना उतरवून. आवाज नीट यायला हवा हं."

काकांनी घरातल्या सगळ्या खिडक्या लावल्या. मी टीव्हीसमोर मोबाइल धरला. "थेट मरणावर नेऊ?"

"मरण मरू दे गं. सुरुवातीचं घे. ट्रक निघतो ते."

मी चाटच पडले. सुरुवात काकांनी मला कधी दाखवलीच नव्हती.

सैनिकांचा ट्रक निघतो, बायका रुमाल हलवतात. आणि त्या गर्दीत रोझीकाकू! काकांची बायको. जाऊन दोन वर्षं झाली. बाकीच्या सांगितल्यासारख्या रडतायत आणि ही ट्रककडे डोळे वटारून ओरडतेय, "अहो, वरचं बटण लावा!" ट्रकमधला एक सैनिक घाईघाईने बटण लावतो.

तेवढ्यात लांबून बाराची घंटा ऐकू आली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मुडदा असताना उठलेला हा माणूस जागचा हलला नाही. श्वाससुद्धा रोखून बसला होता.

ट्रक दिसेनासा झाला तेव्हा काका उठले, क्रूसाची खूण केली आणि राहिलेली प्रार्थना म्हटली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "लग्नाच्या कॅसेटला बुरशी लागली. तिचा आवाज एवढाच उरलाय."

नीट आलंय का बघायला मी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं.

"अहो, वरचं बटण लावा!"

काकांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

"लावलं गं, लावलं," ते मोबाइलला म्हणाले.