तीन खुर्च्यांची देवकाबाई

आमच्या शेजारची देवकाबाई घरात एकटी, पण ओसरीवर खुर्च्या तीन. कोणी भांडण घेऊन गेलं की आधी विचारते, "तुमी कोन? मालक का कामगार?" मग त्याप्रमाणे खुर्ची दाखवते. मधली सरकारची.

सेलूच्या एका जिनिंगमध्ये तिनं उभा जन्म कापसातली पिवळी कवडी, म्हणजे किडका कापूस, वेचली आणि बायांची युनियन चालवली. लेकुरवाळ्यांना पाळणे टांगायला सावली हवी होती, मालक ऐकेना. हिनं कामगार अधिकाऱ्याला आणून मधे बसवलं. तासाभरात मालक म्हणाला, "टांगा." तेव्हापासून बाईचा तीन खुर्च्यांवर जो विश्वास बसला, तो बसलाच.

एकदा नळावर आमचं दोघींचं जुंपलं. ऐन रंगात म्हणते, "थांब व कमल, सरकार आनतो." आणि रस्त्यानं जाणाऱ्या पोस्टमनला हाताला धरून बसवलं की मधे. त्या बिचाऱ्यानं करार लिहून दिला. आधी तिचे दोन हंडे, मग माझे दोन. अजून पाळतो आम्ही.

तर गेल्या रविवारी माझा मुलगा प्रकाश मला कायमचं नागपूरला न्यायला आला. बॅग भरलेली, कुलूप माझ्या हातात, आणि फाटकात देवकाबाई आडवी.

"बैठक झाल्याबिगर जाऊ देत नाई."

प्रकाश मधल्या खुर्चीत, मी मालक, ती कामगार. मला तर हसूच आवरेना.

"मावशी, आईचं वय झालं. इथं एकटी कशी ठेवू?"

"सरकारनं आधी आयकून घ्यायचं असते, बाबू." तिनं घडीचा कागद उघडला. "मागनी एक. कमलनं महिन्यातले आठ दिवस नागपुरात राहावं. पाय, हे मी आपल्याकडून सोडून राह्यली. मागनी दोन. बरं नसलं तर तिनं भिंत ठोकावी, मी येतो. मागनी तीन..."

 कागद तिनं प्रकाशपुढे धरला. "तूच वाच. मले चष्मा नाई."

चष्मा नाकावरच होता.

प्रकाशनं वाचलं, "रोज सकाळी कमलच्या दाराची कडी वाजली पाहिजे. ती वाजली की मी दोन कप चहा मांडतो."

 मग प्रकाशनं माझ्याकडे पाहिलं. "मालकाचं काय म्हणणं आहे?"

मी उठले. मालकाची खुर्ची उचलली आणि देवकाबाईच्या खुर्चीला खेटून टाकली.

"आता इकडं दोघी कामगार," मी म्हटलं. "सरकारनं बोलावं."