नवव्या गल्लीतला चौथा दिवा

शुक्रवारपासून भावोजींनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं, आणि त्याला कारण मूळप्रत होता. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि ताईला तर पक्कं ठाऊक होतं. पण ताई तसं बोलत नव्हती. ती फोन करायची, "आत्ताही नाही जेवले," एवढंच सांगायची आणि फोन ठेवायची. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. डॉक्टरांनी सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालायची, आणि या अवस्थेत एकदा नळी घातली की ती पुन्हा निघेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं.

मूळप्रत हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो दाखल्यांच्या कचेरीत नकला तपासायला बसायचा. लोक नक्कल पुढे करायचे, हा मान वर न करता म्हणायचा, "मूळ प्रत दाखवा." मग ओळ न् ओळ ताडून बघायची, आणि मगच शिक्का. एकदा एका गृहस्थाच्या मृत्यूचा दाखला चुकून निघाला. तो रद्द करून घ्यायला तो बिचारा स्वतः नक्कल घेऊन आला, तर याने त्यालाही मूळ प्रत मागितली. "अहो, मूळ प्रत मीच की!" तो माणूस ओरडला. तेव्हापासून कचेरीत हेच नाव पडलं.

सुट्टीच्या दिवशी हाच स्वभाव घेऊन तो घराच्या मागच्या खोलीत बसायचा. टीव्हीला जोडायची स्वस्तातली खेळाची यंत्रं असतात ना, खोक्यावर '९९९ खेळ' असं छापलेलं आणि आत जेमतेम अकरा, तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा कोंबलेले? त्यातले खेळ सगळे कुठून तरी ढापलेले. ढापताना बनवणाऱ्याचं नाव खरवडून काढलेलं, चित्रं बदललेली, संगीत मध्येच तोडलेलं. मूळप्रत असली यंत्रं भंगारातून उचलून आणायचा, हीट गनच्या गरम झोताने आतली चिप सोडवायचा, चिप वाचायच्या रीडरमध्ये बसवून तिच्यातला खेळ कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. मग चार यंत्रांतल्या चार भ्रष्ट नकला शेजारी शेजारी ठेवून त्यांतून एक शुद्ध प्रत सिद्ध करायची. ती झाली की भ्रष्ट नकला तो पुसून टाकत असे. "चूक जपून ठेवली की ती पसरते," असं त्याचं म्हणणं.

"माणसाला दारूचं व्यसन असलं तर निदान चारचौघांत सांगता तरी येतं," असं त्याच्या बायकोचं म्हणणं.

भावोजी म्हणजे ताईचे यजमान. त्यांनी उभा जन्म विमा विकला. बोलणं असं रसाळ, की ऐकणाऱ्याला आपल्या मरणाबद्दल हुरूप यावा. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि सोबत वाचाही गेली. हजारो शब्दांच्या त्या भांडारातून एकच शब्द उरला: "झालं." तहान लागली, झालं. दुखलं, झालं. ताईने विचारलं, मी कोण, तरी झालं. ताई त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि परत येऊन म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

डाव्या हाताची बोटं तरी हलती राहावीत म्हणून तिने एक '९९९ खेळ'वालं यंत्र आणलं. भावोजींना त्यातला चारशे बारावा खेळ आवडला, आणि फक्त तोच आवडला. एक टोपीवाला खांद्यावर शिडी घेऊन गल्लीतले दिवे लावत जातो. मागे कुत्री लागतात, मध्येच वारा सुटून लावलेले दिवे विझतात. गल्लीतले सगळे दिवे लागले की पुढची गल्ली. रोज सकाळी भावोजी पहिल्या गल्लीपासून सुरुवात करत आणि दुपारी जेवणाच्या सुमाराला नवव्या गल्लीत पोहोचत. तिथे चौथ्या दिव्यापाशी टोपीवाला शिडीवर चढे, हात वर करी आणि तिथेच गोठून जाई. दिवा अर्धा पेटलेला, आणि एकच सूर सलग वाजत राहिलेला. भावोजी हातातलं बटणांचं यंत्र गादीवर ठेवत, समाधानाने म्हणत, "झालं," आणि तोंड उघडत. ताई मऊ भाताचा पहिला चमचा घाली. दोन वर्षं यात एका दिवसाचा खंड पडला नव्हता, आणि 'झालं' म्हटल्याशिवाय ते घास घेत नसत.

तर असं सगळं सुरळीत चालू होतं. मूळप्रतला ते बघवलं नाही.

गेल्या गुरुवारी कचेरीला सुट्टी होती म्हणून तो भावोजींना बघायला गेला आणि बघत बसला टीव्हीकडे. असा टोपीवाला त्याने याआधी एकाच खोक्यात पाहिला होता, तोही वेगळ्या नावाने.

"ताई, हे यंत्र जरा नेतो. आतला खेळ उतरवून घेतो. आणि तो नवव्या गल्लीत अडकतोय, तेही बघतो."

"अडकू दे रे. ह्यांची काही तक्रार नाही."

"तक्रार करणार कशी? बोलता येतंय का त्यांना?"

ताईने वायर गुंडाळून दिली, आणि यंत्र गेलं.

चिप रीडरमधून काढताना तिचा एक पाय तुटला आणि ती निकामी झाली. पण त्याआधी तिच्यातला खेळ उतरवून झाला होता, त्यामुळे मूळप्रतने हळहळ करायचं कारण नव्हतं. त्याने आपल्याकडची दुसरी नक्कल काढली, ओळ न् ओळ ताडली, आणि त्याला ते सापडलं. नवव्या गल्लीत चौथ्या दिव्याच्या जागी भावोजींच्या खेळात सपाट शून्यं भरलेली होती. नक्कल करणाऱ्या कुणा आळशाने तेवढा तुकडा गाळला होता. मूळप्रतने दुसऱ्या नकलेतला तुकडा आणून तिथे बसवला. शुद्ध प्रत नव्या चिपमध्ये घातली, चिप यंत्रात बसवली, आणि शिरस्त्याप्रमाणे भ्रष्ट नक्कल पुसून टाकली. त्या संध्याकाळी तो जेवताना गुणगुणत होता.

शुक्रवारी सकाळीच तो स्वतः यंत्र घेऊन गेला. दुपारी भावोजी नवव्या गल्लीत आले. टोपीवाला चौथ्या दिव्यापाशी शिडी चढला, हात वर केला, आणि दिवा लागला. पाचवा लागला. गल्ली संपली. दहावी गल्ली उघडली, तिच्यात पूलसुद्धा होता. भावोजींचे डोळे विस्फारले. मूळप्रतने टाळ्या वाजवल्या. ताई हातात वाटी-चमचा घेऊन उभी होती.

"किती गल्ल्या आहेत रे ह्यात?"

"संपतच नाहीत. त्या काळचे खेळ असेच असायचे. माणूस मरेपर्यंत चालू," मूळप्रत अभिमानाने म्हणाला, आणि मग त्याने जीभ चावली.

त्या दिवशी 'झालं' आलंच नाही. अकरावी, बारावी, तेरावी. कुत्र्यांनी टोपीवाल्याला फाडलं की भावोजी पुन्हा पहिल्या गल्लीपासून. चमचा ओठांपाशी नेला की मान फिरवायची. कसंबसं पाणी तेवढं घेत. संध्याकाळी हात गळून पडला तेव्हा ते झोपी गेले, आणि शनिवारी सकाळी पुन्हा पहिली गल्ली.

शनिवारी दुपारी मूळप्रतने नवव्या गल्लीत बरोबर चौथ्या दिव्यापाशी टीव्हीची पिन उपटली. भावोजींनी बटणांचं यंत्र त्याला फेकून मारलं. डाव्या हाताने मारूनही ते नेमकं कपाळावर बसलं. डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांनी आधी मूळप्रतच्या कपाळाला पट्टी लावली आणि मग नळीचं सांगितलं.

ते ऐकून मूळप्रतच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जाऊन त्याने खेळात नवव्या गल्लीनंतर एक नवी पाटीच घातली: 'अभिनंदन! खेळ समाप्त.' वर फुलांचे दोन गुच्छ. रविवारी दुपारी भावोजींनी ती पाटी पूर्ण वाचली. चाळीस वर्षं लोकांना कागदावर सह्या करायला लावणारा माणूस तो. छापील गोड शब्दांवर त्याचा विश्वास बसणं शक्य नव्हतं. त्यांनी यंत्र बंद केलं, चालू केलं आणि पहिली गल्ली सुरू केली.

"त्यांना ते जुनं आणून द्या ना," बायको म्हणाली.

"पुसलं ते."

"का?"

"चूक होती त्यात."

"वन्संना हे मी सांगू, की तुम्ही सांगताय?"

शेवटी त्यानेच ताईला फोन करून सांगितलं. जन्मभर माणसाने चुका काढल्या होत्या; चूक घालायची कशी, हे त्याला ठाऊक नव्हतं. शून्यं कुठे होती ते साधारण आठवत होतं, पण साधारणवर भागेना. एक घर अलीकडे शून्यं घातली तर टोपीवाला पहिल्याच गल्लीत अदृश्य झाला. पलीकडे घातली तर कुत्री दिवे लावू लागली आणि टोपीवाला भुंकू लागला. एरवी तो हसला असता. आता त्याने पुन्हा ताईला फोन लावला.

"ताई, तो अडकायचा तेव्हा नेमकं कसं दिसायचं? तुला आठवतंय काही?"

"डावा हात वर. शिडीच्या चौथ्या पायरीवर. उजवा पाय हवेत. कुत्रा भिंतीपाशी, त्याचं अर्धंच तोंड दिसायचं."

मूळप्रत लिहून घेता घेता थांबला. ताईने खेळाकडे कधी धड पाहिलं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. "आणि आवाज?"

"तूंऽऽऽ."

"असा?" त्याने फोन स्पीकरपाशी धरला.

"नाही. आमचा जरा कण्हल्यासारखा होता. तूंऽऽऽऽ. तू म्हणून दाखव."

"तूंऽऽऽ."

"नाकातून."

"तूंऽऽऽऽ!"

स्वयंपाकघरातून बायको डोकावली, दोघांचं चाललेलं ऐकून परत गेली. सूर लागेपर्यंत अर्धा तास गेला.

"दोन वर्षं मी तो दिवा बघतेय रे," ताई म्हणाली. "अर्धाच लागायचा. मला वाटायचं, पुरे, तेवढा उजेड पुरे आपल्याला. तू कशाला पुढचा लावायला गेलास?"

"उद्या घेऊन येतो," मूळप्रत म्हणाला, आणि त्याने सोमवारची रजा टाकली.

सोमवारी भावोजींचे गाल आत गेले होते. उशीशिवाय मान धरवत नव्हती. टेबलावर नर्सने आणून ठेवलेलं नळीचं पाकीट होतं, अजून न फोडलेलं, आणि ताईने त्यावर वर्तमानपत्र टाकलं होतं. मूळप्रतने यंत्र जोडलं. पहिली गल्ली, दुसरी, तिसरी. अंगठा जड झाला होता, कुत्री दोनदा जिंकली. दुपार झाली, दीड वाजला. नववी गल्ली आली. पहिला दिवा, दुसरा, तिसरा. टोपीवाला शिडी चढला. डावा हात वर, उजवा पाय हवेत, कुत्र्याचं अर्धं तोंड. तूंऽऽऽ. हुबेहूब. ताईने वाटी उचलली.

भावोजींनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा, जोरात. ते पडद्याकडे पाहत राहिले. पण हा माणूस आता दहाव्या गल्लीतला पूल पाहून आला होता. तेराव्यापर्यंत फिरून आला होता. त्यांनी हळूहळू मान वळवली आणि मूळप्रतकडे पाहिलं. ओठ थरथरले, जबडा वाकडा झाला, कपाळावर घाम आला.

"बि..." ते म्हणाले.

ताईच्या हातातला चमचा वाटीवर वाजला.

"बिघ... डलं."

खोलीत तो सूर तेवढा वाजत होता. ताई त्यांच्या तोंडाजवळ वाकली. "काय म्हणालात? पुन्हा म्हणा. काय झालं?"

"बिघडलं!" भावोजी चिडून म्हणाले, आणि शेवटच्या अक्षरावर तोंड उघडं होतं तेवढ्यात ताईने चमचा आत घातला. त्यांनी घास रागारागाने गिळला, कारण पुढचं बोलायचं होतं. "बिघडलं!" दुसरा चमचा.

"कोणी बिघडवलं? सांगा, कोणी?"

भावोजींनी डावा हात उचलून मूळप्रतकडे बोट दाखवलं. "बिघडलं!" तिसरा. ताईच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायला तिला हात मोकळा नव्हता. वाटी अर्धी झाली तरी भावोजींची तक्रार संपत नव्हती.

मूळप्रतचा चेहरा पडला. एवढं जिवापाड केलेलं काम, आणि गिऱ्हाईक तोंडावर खोट काढत होतं. त्याच्या पिशवीत शुद्ध प्रतीची चिप तयार होती. "रागावू नका भावोजी," तो यंत्राकडे सरकला. "पाच मिनिटांत नीट करून देतो."

ताईने चमचा दातांत धरला आणि मोकळ्या झालेल्या हाताने त्याचं मनगट पकडलं. मग चमचा काढून म्हणाली, "खबरदार हात लावलास तर. आजच्यापुरतं हे असू दे. उद्या येऊन दुसरं काहीतरी बिघडव."