व्हिनेगरमधले मासे आणि आजोबांचा पहारा

"विस्तव नको, तेल नको आणि कुणाची लुडबुड तर मुळीच नको!" टिटवीने जाहीर केलं. घरात तिला टिटवी म्हणत, कारण ती हळू आवाजात बोलल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

ओहोटीला सगळ्या घराने गुडघाभर पाण्यात उभं राहून धरलेले बोटाएवढे मासे दोन दिवस फ्रीजरमध्ये होते. आज साफ करून ते तासभर मिठात आणि बरोबर तीन तास व्हिनेगरमध्ये मुरणार होते. आत्याने शब्द दिला होता, "जमले, तर माझ्या खानावळीच्या फळ्यावर तुझ्या नावाने लिहीन." पंधराव्या वर्षी फळ्यावर नाव! तेही वर्गात बडबड केली म्हणून नव्हे!

मासे मिठात घालून ती वळते न वळते, तोच बाबांनी ते नळाखाली धरले. "अगं, समुद्राचं मीठ तसंच राहिलं होतं की!"

पुन्हा मीठ, पुन्हा तासभर. मग व्हिनेगर ओतलं, तर आईने वाडग्यात किटलीचं झाकण सोडलं!

"व्हिनेगर दिसलं, म्हटलं झाकणावरचा क्षारांचा थर निघेल."

"आई! हे जेवण आहे!"

"मग तसं लिहून ठेवावं माणसाने!"

लिहिलंच तिने! 'कोणीही, कोणत्याही कारणाने हात लावू नये!' खाली सही म्हणून एक सणसणीत फराटा. आणि पहाऱ्याला आजोबा. आजोबांनी पस्तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या तपासल्या होत्या. इथेच घात झाला.

तीन तासांनी टिटवी मासे निथळायला आली.

"थांब," आजोबा म्हणाले. "कोणीही म्हणजे कोणीही."

"अहो, नोटीस मीच लिहिलीय!"

"मग लेखी रद्द कर."

तिने लिहून दिलं. आजोबांनी दोन्ही कागद उजेडात धरले. "सही जुळत नाही."

"ती रागात केली होती!"

"मग पुन्हा रागात कर."

रागाला काय तोटा! तिने तेरा सह्या ठोकल्या. पण दर वेळी राग वेगळा, फराटा वेगळा! बाबा मध्ये पडले, तर आजोबांनी त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. स्वतःच्या मुलाकडे! टिटवीने वाडग्यावर झडप घातली, तर तो त्यांनी मांडीवर घेतला आणि वर्तमानपत्राने झाकला.

मासे व्हिनेगरमध्ये पडून तीनऐवजी सहा तास उलटून गेले. चौदाव्या सहीला दारावरची घंटा खणखणली, टिटवी दचकली आणि पेन सटकलं.

"जुळली!" आजोबा आनंदाने म्हणाले.

दारात आत्या! आणि वाडग्यात? चमचा घातला, तर माशांचा लगदा! टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही रागाचंच. आत्याने मात्र तो लगदा पावावर फासला, एक घास घेतला, मग दुसरा.

"अगं, काय झकास चटणी झालीय! लिहिते फळ्यावर. नाव काय लिहू?"

टिटवीने छाती फुगवून तोंड उघडलं.

"घाई नको," आजोबा कागद पुढे सरकवत म्हणाले. "सही आहे. नाव कुठे आहे?"

रविवारी फळ्यावर लिहिलं होतं: 'माशांची आंबट चटणी. करणारीच्या नावाची पडताळणी चालू आहे.'