कोणतं भांडं वाजलं?

शेजारी दार वाजवतात ते विरजण मागायला, नाहीतर गाडी चुकीच्या जागी लावली म्हणून भांडायला. आमचे सेतुराव दार वाजवून विचारतात, "सार, आत्तां कोणतं भांडं वाजलं?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नुकताच बँकेतून आलो होतो. चेन्नईच्या पेरुंगुडीत संध्याकाळी घरी पोचणं हेच एक काम असतं, ते उरकून एका बुटाची नाडी सोडली होती आणि दुसरी सोडण्याइतका जीव उरला नव्हता. दारात साठी उलटलेले एक गृहस्थ. लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, कपाळावर गंध, गळ्यात स्टेथोस्कोप असावा तसा हेडफोन. मला वाटलं, भांड्यांच्या चोरीचा काहीतरी मामला आहे. पण आतून माझी बायको, सुनीता, थंडपणे म्हणाली, "परात."

"परात? कुकरचं झाकण नाहीं?"

"नाही. परातच. आणि ताटाळं थोडंसं."

"अय्यो! मग बेस फार झाला," असं म्हणून ते समाधानाने परत गेले. सुनीताला त्यांनी दुपारीच या कामावर नेमलं होतं, असं मला मागाहून कळलं.

सेतुराव तंजावूरचे मराठी. रेल्वेच्या एग्मोरच्या कंट्रोल ऑफिसात त्यांची हयात गेली. कोणत्या गाडीला पुढे काढायचं आणि कोणती बाजूच्या लूप लाइनीत उभी करायची, हे फोनवर ओरडून सांगायचं काम. आम्ही सातारचे, बदलीवर आलेले. शेजारी मराठी निघाला म्हणून पहिल्या दिवशी सुनीताला भरून आलं. पण ते बोलू लागले आणि आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. बखरीतला कारकून उठून मद्रासी कॉफी पीत बोलतो आहे असं ते मराठी. त्यात 'पाहिजे' नाही, 'होणा'. "मज कॉफी होणा." "तुम्हांस काय होणा?" आमच्या मराठीला ते 'देशावरचं' म्हणायचे, आणि ते जरा कच्चं आहे असं त्यांचं मत होतं.

तर हे सेतुराव निवृत्तीनंतर संगणकावर इलेक्ट्रॉनिक संगीत करत. तरुण पोरं ज्यावर अंधारात नाचतात, ते. त्यातही फक्त ड्रम आणि बेस. सूर नाही, शब्द नाहीत. त्यांची खोली आणि आमचं स्वयंपाकघर यांत एकच भिंत, त्यामुळे आम्हाला त्यातला बेसच तेवढा पोचायचा. रविवारी सकाळी मी पेपर उघडावा आणि डब्यांच्या झाकणांनी थरथरायला लागावं. तक्रार करायचं त्राण माझ्यात नव्हतं. आठवडाभर बँकेत तक्रारी ऐकणाऱ्या माणसाला स्वतःची एक करायची म्हटलं तरी आळस येतो.

एकदा मात्र मी चिडून विचारलं, "सेतुराव, यात गाणं कुठं असतं हो?"

"गाणं वर येतं सार. हें जोतं. जोत्यास कोणी विचारतं काय, तूं सुंदर कां नाहींस?"

मग त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. ड्रममधला जो मोठा ठोका, त्याचं नाव किक. किक आणि बेस दोघेही खालच्या आवाजातले. दोघे एकदम आले की नुसता चिखल होतो, ठोकाही कळत नाही आणि बेसही. म्हणून किक आली की क्षणभर बेसचा आवाज आपोआप उतरेल अशी सोय करायची, आणि किक गेली की पुन्हा चढू द्यायचा. "एका रुळावर दोन गाड्या चालत नाहींत, सार. एकीस लूप लाइन होणा." हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं, की बँकेत दोन साहेब एकदम ओरडायला लागले की माझ्या मनात लूप लाइनच येते.

गाणं एका ठिकाणी ऐकून त्यांचं भागत नसे. आधी स्वतःच्या स्पीकरवर. मग दार लावून बाहेरून. मग आमच्या भांड्यांवर. मग खाली माझ्या गाडीत. चेन्नईच्या मे महिन्यात, काचा बंद, एसी बंद, कारण एसीची घरघर बेसमध्ये मिसळते. मी घामाने निथळत स्टिअरिंगला धरून बसलेला, आणि शेजारी सेतुराव डोळे मिटून, एक तळवा डॅशबोर्डवर ठेवून. वॉचमन लांबून बघत होता. दोन पोक्त माणसं बंद गाडीत बसून कुठेच जात नाहीत, याचा त्याला काय अर्थ लागला असेल कोण जाणे. शेवटी सुनीताच्या फोनवर ऐकायचं. "ह्या चिमुकल्या स्पीकरांत बेस मावतच नाहीं. तरी तो अहे, असं मनास वाटलें पाहिजे... नाहीं, होणा," असं म्हणून माझ्यामुळे आपली भाषा बिघडल्याबद्दल त्यांनी माझ्याकडेच रागाने पाहिलं.

कान मात्र असे, की आमचा फ्रिज बंद पडला ते आम्हाला त्यांनी येऊन सांगितलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरवरून रण माजलं, तर हे उठून म्हणाले, "सर्व एकाच पट्टींत ओरडतां. सेक्रेटरींस थोडं खालीं घ्या." सेक्रेटरी अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

आणि मग एका रविवारी काहीच वाजलं नाही.

म्हणजे पलीकडे गाणं चालू होतं. भिंतीला हात लावला तर ठोका स्वच्छ लागत होता, त्याच्या मागून बेस अलगद उठत होता, बसत होता. पण परात गप्प, ताटाळं गप्प, डबे गप्प. सुनीता पोळ्या लाटता लाटता थांबली. "अहो, जमलं की त्यांना!" म्हणाली. खोटं कशाला सांगू, मलाही आनंद झाला. माझ्या घामाचा त्यात वाटा होता. मी चप्पल अडकवली आणि अभिनंदन करायला गेलो.

सेतुराव स्पीकरांपुढे बसले होते, घरात कोणी आजारी असावं तसे. मी म्हटलं, "झकास झालंय! एक भांडं वाजलं नाही."

"ठाऊक अहे. कालच पाठवलं."

"कुणाला?"

त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यांच्या मुलीचा, कावेरीचा निरोप होता. निरोप म्हणजे नुसता एक पिवळा अंगठा.

कावेरीबद्दल मला एवढंच माहीत होतं, की ती बंगळुरूला एका स्टुडिओत असते. बाकीचं त्या दिवशी कळलं. हे स्पीकर तिचे. हे संगीत तिचं. आई गेल्यावर घरात दोघंच. यांनी तिच्यासाठी नोकरी बघितलेली, तिला ती नको होती. एक दिवस हे दारात उभे राहून म्हणाले, "माझ्या घरांत हा धबधब चालणार नाहीं." ती बॅग भरून गेली. स्पीकर गाडीत नेता येईनात, म्हणून राहिले. त्यानंतर दोन दिवाळ्या गेल्या, ना तिचा फोन, ना यांचा. निवृत्त झाल्यावर रिकाम्या घरात यांनी एकदा ते स्पीकर चालू केले. धडपडत काहीतरी बनवलं आणि भीत भीत तिला पाठवलं.

"उत्तर आलं, सार. म्हटली, अप्पा, किक आणि बेस एकाच जागीं बसलेत, एकास उठवा. इतकंच. पण अप्पा म्हटली."

तेव्हापासून त्यांचं बोलणं हे असं चालायचं. हे गाणं पाठवायचे, ती चूक लिहायची. बेस फार झालाय. ड्रम मागे पडलेत. हे दुरुस्त करून पुन्हा पाठवायचे. तब्येत कशी आहे, जेवलीस का, घरी कधी येतेस, यातलं काही नाही. जे काही होतं ते चुकांमधून.

"आतां चूक नाहीं," सेतुराव म्हणाले. "मग ती काय लिहील? अंगठा!"

त्यांनी माऊस हातात घेतला आणि पडद्यावरची बेसची पट्टी हळूहळू वर चढवायला लागले. इतक्या दिवसांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत चिखलात घालत होते.

"सार, घरांत मीच किक होतों," पडद्याकडेच बघत ते म्हणाले. "सदा ठोकत. ती बिचारी खालीं बसायची. वाट पाहायची, हा थांबेल, मग मी उठेन. मी थांबलोंच नाहीं. गाड्यांस जन्मभर लूप लाइन दिली, पण स्वतः कधी त्यांत उभा राहिलों नाहीं."

मी घरी आलो. थोड्या वेळाने परात खणखणली. सुनीता कपाळाला हात लावून म्हणाली, "झालं पुन्हा सुरू!" मी तिला सगळं सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं आणि खणखणती परात तशीच राहू दिली.

बेल वाजली. सेतुराव. "सार, कोणतं भांडं?"

आता मला प्रश्न नीट कळला होता. चूक अशी हवी की मुलीच्या लक्षात यावी, पण बाप मुद्दाम करतोय असं वाटू नये. मी म्हणालो, "परात वाजली. पुरे तेवढं. पण सेतुराव, एकाच चुकीला ती एक ओळ लिहून मोकळी होईल. ड्रमही बिघडवा. असं काहीतरी करा, की लिहून सांगता येणार नाही."

ते माझ्याकडे पाहत राहिले. कंट्रोल ऑफिसात कोणी भलत्याच गाडीला हिरवा दाखवायला सांगितलं असतं, तर असेच पाहत राहिले असते. "मुद्दाम चुकवूं?"

सुनीता आतून म्हणाली, "चुकवा हो. चांगलं भरपूर चुकवा."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जे आलं त्याला संगीत म्हणणं कठीण आहे. कुकरचं झाकण, डबे, ताटाळं, सगळं एकदम वाजलं. कपबशांचीसुद्धा कुरबुर सुरू झाली. मी थकलो होतो, डोकं दुखत होतं, आणि तरी उठून दार लावावंसं वाटलं नाही.

मग एकदम सगळं थांबलं, पाठवलं असणार, आणि थोड्या वेळाने पलीकडे फोन वाजला. सुनीताने चहाचं आधण टाकलं होतं, ती गॅस बंद करून भिंतीपाशी येऊन उभी राहिली. पलीकडून सेतुरावांचा आवाज येत होता. फोनवर होते. "हो ग... हो... किक कुठं?... असं काय!" मग ते नुसते ऐकत राहिले.

आणि मग, ज्या माणसाला आमचा फ्रिज बंद पडलेला भिंतीपलीकडून ऐकू येतो, तो म्हणाला, "नीट ऐकूं आलं नाहीं, कावेरी. पुन्हा सांग."