गजरात घासलेलं टेबल

लाकूडकाम म्हणजे काय हो, हाताला लय पाहिजे, बस! आणि लय तर माझ्या रक्तात आहे. पंचक्रोशीतलं एकही कीर्तन मी सोडत नाही. तेव्हा अकोल्याहून आणलेलं जुनं स्वयंपाकघरातलं टेबल मी स्वतः घासणार, स्वतः रंगवणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

निमित्तही तसंच होतं. आमच्या वलगावच्या सप्ताहात यंदाही माणिकबाईंचं कीर्तन ठरलेलं. त्या उभ्या राहिल्या की देवळातल्या समयासुद्धा ऐकत राहतात! त्यांच्या जेवणाचा मान आपल्या घराला मिळावा म्हणून माझी बायको सुभद्रा कित्येक वर्षं वाट पाहत होती. या खेपेला मिळाला! पण बाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. उभं राहता येतं, खाली पाटावर बसता येत नाही. आमच्या घरी तोवर टेबल नव्हतं. आणि समोरच्या शेखरकडं चांगलं काचेचं डायनिंग टेबल!

"काका, तुमचं जमत नसन तर बाईले आमच्याकडं पाठवा," असं तो येताजाता म्हणे. सुभद्रेचा चेहरा मला पाहवत नसे.

टेबल विकताना अकोल्याचे जुन्या सामानवाले गयासुद्दीनभाई म्हणाले होते, "भाऊ, वरच्या रंगावर जाऊ नका. अंदर सागवान आहे, सागवान!"

मी अंगणात टेबल मांडलं, पॉलिश पेपर घेतला, मोबाइलवर माणिकबाईंचं एक जुनं कीर्तन लावलं आणि घासायला सुरुवात केली. निळा थर गेला, हिरवा गेला, आणि खालून सागवानाच्या रेषा अशा उमटल्या की माझा हातच थांबला. कुठल्या डोंगरातलं झाड, किती पावसाळे प्यायलेलं, आणि कोणीतरी त्याला हिरवा रंग फासून त्यावर कांदे चिरले! मी त्या लाकडाला नमस्कार केला.

तेवढ्यात बाईंचं आख्यान रंगात आलं. मृदंग दुडक्या चालीनं निघाला, मागोमाग माझा हात. मग गजर! टाळ कडाडले, मी डोळे मिटले. हात चालतोय, घाम गळतोय, भुसा उडतोय, समोर साक्षात देव उभा!

गजर संपला. डोळे उघडले. टेबलाच्या मधोमध परात मावेल एवढा खड्डा!

"अवो, हे काय करून ठेवलं?" सुभद्रा धावत बाहेर आली. "टेबल आहे का उखळ?"

"थांब न! बाजू घासल्या का बरोबर येते."

बाजूंसाठी दुसरं कीर्तन लावलं. त्यालाही गजर होताच! खड्डा होता तो आता तलाव झाला. तिसरं लावणार, तोच सुभद्रेनं मोबाइल हिसकावला.

"आता गजर नाही अन् बिजर नाही! रंग लावा अन् चुप बसा!"

पिस्ता रंगाच्या ऑइल पेंटचे दोन हात मारले. रंग असा चकाकला की खड्डा झाकायचा सोडून आरशासारखा दाखवू लागला. वरची ट्यूबलाइट त्यात विळ्यासारखी वाकडी दिसे!

सप्ताहात ठरल्या दिवशी माणिकबाई आल्या. शेखरही दर्शनाच्या निमित्तानं नेमका जेवणाच्या वेळेला हजर. सुभद्रेनं त्यालाही बसवलं. तीन ताटं वाढली. वरण, पोळ्या, आणि सुभद्रेच्या हातची कढी-गोळे. बाईंनी डोळे मिटून श्लोक म्हटला. डोळे उघडले, तर त्यांच्यापुढं ताट नाही!

तिन्ही ताटं गुपचूप निघून मधल्या खोलगटात जमली होती. बाईंनी आपलं ओढून घेतलं. हात काढला, की ते परत निघालं! वाटी कलंडली. डाळीचे गोळे कढीतून बाहेर पडले आणि गडगडत एकामागून एक खड्ड्यात जाऊन बसले, पंगतीला बसावेत तसे!

"चाला बाई आमच्याकडं," शेखर लगेच उठला. "आमचं टेबल साधंच आहे, पण ताट थांबते बापा त्याच्यावर!"

सुभद्रेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. बाई काठी टेकत उठल्या. संपलं सगळं! पण त्या दाराकडं गेल्याच नाहीत. टेबलावरून हात फिरवत फिरवत त्याला वळसा घालू लागल्या.

"हे असं कावून झालं, नत्थुजी?"

मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"माह्या गजरानं?" बाई थक्क! "लोक रडले, नाचले, पण लाकूड झिजलं हे आजच आयकून राहिली मी!"

भिंतीकडच्या कोपऱ्यावर त्यांचा हात थांबला. त्यांनी आपलं ताट उचलून तिथं ठेवलं. हात काढला. ताट जागच्या जागी! आम्ही सगळे बघतच राहिलो.

"इथं तर अगदी सपाट आहे. इथं गजर नाही पोचला काय?"

मी छताकडं पाहू लागलो. सुभद्रेनं डोळे पुसले आणि भाबडेपणानं सांगून टाकलं, "नाही जी बाई. तिथं तुमचं निरूपण चालू होतं. त्याच कोपऱ्यावर गाल टेकवून आमच्या यायले झोप लागली होती."

शेखरला ठसका लागला. बाईंनी मात्र खुर्ची कोपऱ्याकडं ओढली.

"चाला, निरूपणाचा कोणाले तरी उपयोग झाला म्हणायचा! सुभद्रा, कढी वाढ माय!"

त्या पोटभर जेवल्या; गोळे तर मागून मागून घेतले. सुभद्रेचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. मी मात्र अजून थक्क आहे. एवढा देहभान विसरून घाम गाळला, आणि घरची लाज राखली कोणी? माझ्या झोपेनं!